स्नूकर आणि उजेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्नूकर पार्लर काढणारे, जिमखान्याच्या कमिटीत दिवे बदलायचा ठराव आलेले आणि 'रोजच्या टेबलावर पन्नासचा ब्रेक (एका पाळीत सलग मिळवलेले गुण) होतो, बाहेर गेलं की सोपा रेड (लाल बॉल) सुटतो' म्हणून हैराण झालेले, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून दिव्यांपाशीच येतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो: स्नूकरचा दिवा खोलीच्या खर्चात धरू नका, टेबलाच्या खर्चात धरा. स्लेट आणि कुशनइतकाच तो टेबलाचा भाग आहे.

बॉल दिसतात ना, मग दिव्याचं एवढं काय?

बॉल दिसतो, पण त्याची कड नेमकी कुठे संपते ते दिसतं का? स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. समजा रेड सरळ रेषेत आहे आणि पॉकेट त्याच्यापासून दोन मीटरवर. पांढऱ्याची (क्यूने, म्हणजे काठीने मारायच्या बॉलची) रेषा एका मिलिमीटरने चुकली, तर पॉकेटपर्यंत पोचताना तो रेड जवळजवळ चार सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो, म्हणजे जबड्यावर आपटून बाहेर.

हा एक मिलिमीटर डोळा कशावरून ठरवतो? बॉलची कड आणि मागचं हिरवं कापड यांतला फरक, गोलाईवर उतरत जाणारी छटा आणि बॉल कापडाला जिथे टेकतो तिथली सावली. उजेड एकाच बाजूने आला की दुसऱ्या बाजूची कड स्वतःच्याच सावलीत बुडते. बॉल उजळलेल्या बाजूला थोडा सरकल्यासारखा वाटतो आणि तुम्ही तिकडे नेम धरता. क्यू सरळ गेलेला असतो, स्टान्स बरोबर असतो, तरी बॉल पातळ किंवा जाड (हवा त्याहून कडेला किंवा मध्याकडे) लागतो. मग आठवडाभर ग्रिप बदलण्यात जातो.

नेमका किती उजेड हवा?

उजेड लक्समध्ये मोजतात. पूल या स्नूकरच्या भाऊबंद खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांत आकडे स्पष्ट आहेत: टेबलाच्या बेडवर (खेळायच्या पृष्ठभागावर) आणि रेल्सवर (कडेच्या पट्ट्यांवर) प्रत्येक ठिकाणी किमान ५२० लक्स, उजेड डोळे दिपवणारा नको (त्याची सुरुवात ५००० लक्सपासून धरली आहे), आणि बाकी हॉलमध्ये किमान ५० लक्स. स्नूकरचं टेबल पूलपेक्षा बरंच मोठं आणि पॉकेटं कडक (चूक न खपवणारी), त्यामुळे हे आकडे खालची मर्यादा म्हणून धरा. आमच्या मते मध्यावर ८०० ते १००० लक्स असावेत आणि कोपऱ्यात त्याच्या दोन तृतीयांशाच्या खाली जाऊ नये.

जास्त उजेडाचा फायदा नुसता 'स्वच्छ दिसतं' एवढाच नसतो. भरपूर उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते. बाहुली लहान झाली की जवळचं आणि लांबचं एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. स्नूकरमध्ये नेमकं तेच हवं असतं, कारण टिप (क्यूचं टोक) डोळ्यापासून हात-दीड हातावर आणि रेड पार त्या टोकाला. मंद दिव्याखाली बाहुली मोठी होते आणि या दोन्हींतलं एक धूसर पडतं.

आणि पन्नास लक्सची ती अट विसरू नका. टेबल लखलखीत आणि बाकी हॉल काळोखा ठेवायची फॅशन पार्लरवाल्यांना फार आवडते. फोटो छान येतात. पण प्रत्येक शॉटनंतर खुर्चीकडे, स्कोअरबोर्डकडे आणि परत टेबलाकडे बघताना डोळ्याला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. तीन तासांनी डोकं चढतं ते उगीच नाही.

आमच्याकडे मधोमध एक मोठा दिवा आहे. भरपूर प्रकाश देतो. चालेल ना?

नाही चालणार. टेबलाचा खेळायचा भाग ३५६९ बाय १७७८ मिलिमीटर असतो. एकच दिवा मधोमध कापडापासून ९० सेंटिमीटरवर टांगला, तर टोकाच्या कुशनपाशी मध्याच्या एक दशांशाहूनही कमी उजेड पोचतो. अंतर वाढतं आणि प्रकाश तिरपाही पडतो, असा दुहेरी तोटा.

तोटा होतो तोही नको त्या जागी. ब्लॅकचा स्पॉट (काळा बॉल ठेवायची जागा) टोकाच्या कुशनपासून ३२४ मिलिमीटरवर असतो. ब्रेक बनतात ते ब्लॅक आणि पिंकच्या अवतीभोवती, म्हणजे तुमचा सगळा बारीक खेळ टेबलाच्या सर्वांत अंधाऱ्या भागात चालणार. म्हणून स्नूकरची शेड लांबलचक असते. जुन्या क्लबांत सहा बल्बांची हिरवी पत्र्याची शेड दिसते, तिची लांबी शोभेसाठी नाही. नवीन एलईडी शेड घेताना वॉट विचारण्याआधी लांबी विचारा.

शेड किती उंचीवर टांगायची?

बहुतेक क्लबांत शेडची खालची कड कापडापासून साधारण तीन फुटांवर असते. त्याहून खाली आणली की मधल्या बॉलवर वाकताना कपाळ आपटतं आणि क्यू उभा धरून मारायचे शॉट अडतात. फार वर नेली की खेळाडूला थेट बल्ब दिसू लागतो.

शॉटसाठी खाली वाकलं की हनुवटी क्यूला लागते, डोळा कापडापासून वीतभर वर राहतो आणि नजर जवळजवळ आडवी जाते. त्या नजरेच्या वर दहा-पंधरा अंशांवर शेडचं पलीकडचं टोक असतं. तिथे उघडा बल्ब किंवा एलईडीची नागडी पट्टी असेल, तर लांबच्या पॉटला (बॉल पॉकेटात घालायला) नेम धरताना तो ठिपका सतत टोचत राहतो. म्हणून शेडची बाजू खोल हवी, आतून पांढरी हवी आणि खाली दुधी डिफ्यूझर किंवा जाळी हवी. शेड टांगून झाल्यावर उभ्याने बघून पसंती देऊ नका. टेबलाच्या दोन्ही टोकांना क्यू घेऊन पूर्ण वाका आणि मग सांगा.

पूलच्या नियमांत सरकवता येणारी शेड बेडपासून किमान ४० इंच आणि पक्की बसवलेली ६५ इंच उंच असावी असं आहे. स्नूकरवाल्यांना हे वाचून आपली शेड फार खाली आहे असं वाटतं. घाबरू नका. आपली शेड लांब आणि खोल असते, म्हणून ती खाली चालते.

ऑफिसात असतात तसे छताचे चौकोनी एलईडी पॅनल लावले तर? स्वस्त पडतात.

पडतात, आणि हल्ली अर्ध्या नव्या पार्लरांत तेच दिसतात. त्यात तीन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे तुमची स्वतःची सावली. पॅनल तुमच्या पाठीमागे छतावर असेल तर वाकल्यावर डोक्याची आणि खांद्याची सावली पांढऱ्या बॉलवर पडते. टिप कुठे लागणार ते बघायच्या क्षणीच तिथे काळोख.

दुसरी कुशनपाशी. दिवा टेबलाच्या बाहेरच्या बाजूला असला की रेलची सावली आत बेडवर पडते आणि कुशनला चिकटलेला बॉल त्या पट्ट्यात अर्धा झाकला जातो. दिवा टेबलाच्या वर, रेल्सच्या आत असेल तर हा त्रास नाही.

तिसरी अडचण आपल्या हवामानाने आणलेली: पंखा. पॅनलच्या खाली छताचा पंखा फिरत असेल तर तीन पाती उजेड कापत जातात. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५ वेळा टेबलावरून सावली सरकते. काही जणांना ती जाणवतसुद्धा नाही, नुसतं 'आज नजर बसत नाही' असं वाटतं. पॅनलच लावायचे असतील तर पंखे भिंतीवर घ्या आणि पॅनल टेबलाच्या वर, लांबीच्या दिशेने एका ओळीत बसवा. तरी टांगलेल्या शेडची बरोबरी होत नाही ती नाहीच.

सावली अजिबात नसलेला उजेड सगळ्यांत चांगला, बरोबर?

इथे मतभेद आहेत. एक काळी, धारदार सावली वाईट, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. ती बॉलच्या कडेसारखीच ठळक दिसते आणि नजर फसते. सहा बल्बांच्या शेडखाली प्रत्येक बॉलभोवती फिकट सावल्यांच्या पाकळ्या पडतात. त्यांत खेळून मोठे झालेल्यांना त्या आवडतात, कारण त्यांवरून बॉल कुठे टेकलाय ते चटकन कळतं. दोन बॉल एकमेकांना चिकटलेत की मधे कागदाएवढी फट आहे, हे मार्करलाही (क्लबात गुण मांडणाऱ्या माणसालाही) त्या सावल्यांवरून लवकर दिसतं.

टीव्हीच्या टेबलावर चारही बाजूंनी इतका पसरलेला प्रकाश असतो की सावली जवळपास उरत नाही. बॉल सपाट, चकतीसारखे वाटतात. क्लबातून पहिल्यांदा तिथे जाणाऱ्याला अंतराचा अंदाज यायला वेळ लागतो. आमची पसंती मऊ, पुसट सावलीला. पण तुम्ही ज्या टेबलांवर स्पर्धा खेळणार तिथे जे असेल, त्याचा सराव करणं जास्त कामाचं.

टीव्हीच्या दिव्यांमुळे टेबल वेगळं खेळतं म्हणतात. खरं आहे का?

पूर्वी तर फारच. बीबीसीने १९६९ मध्ये 'पॉट ब्लॅक' सुरू केलं ते रंगीत टीव्ही दाखवण्यासाठी. इतक्या रंगांचे बॉल एकाच वेळी पडद्यावर येणारा दुसरा खेळ कुठे मिळणार? पण त्या काळच्या कॅमेऱ्यांना उजेड प्रचंड लागायचा आणि ते दिवे तापायचे. टेबलाचं कापड लोकरीचं असतं, आणि लोकर हवेतलं पाणी शोषते. वरून उष्णता मिळाली की कापड कोरडं होतं, बॉल लांब पळतो आणि कुशनची उसळीही बदलते. आता मोठ्या स्पर्धांत दिवे एलईडीचे असतात आणि कापड कोरडं ठेवायला स्लेटच्या खाली हीटर असतात.

क्लबात जुने बल्ब काढून एलईडी लावले आणि टेबल स्लो झालं. दिव्याचा संबंध असेल?

असू शकतो, आणि हा प्रश्न पावसाळ्यातच येतो. १५० वॉटचे सहा बल्ब म्हणजे ९०० वॉट, आणि त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊन कापडाच्या डोक्यावर दिवसभर तापत राहायची. तो फुकटचा हीटर तुम्ही काढून टाकलात. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की फरक पहिल्याच फ्रेममध्ये (डावात) जाणवतो: रोजच्या जोराने मारलेला पांढरा वीतभर अलीकडे थांबतो.

म्हणून परत बल्ब लावायचे का? नको. दिवसाला दहा तास धरले तर जुनी शेड ९ युनिट खाते आणि १५० वॉटची एलईडी शेड दीड युनिट. वाचलेल्या पैशांत डीह्युमिडिफायर चालवा, रोज ब्रश मारा, आणि जमत असेल तर बॉल लावण्याआधी कापडाला इस्त्री फिरवा. इस्त्री बॉक साइडकडून (जिथून खेळ सुरू करतात त्या टोकाकडून) ब्लॅककडे, लव जाते त्या दिशेने.

दिवे लुकलुकत नाहीत, तरी डोळे दुखतात. का?

कदाचित लुकलुकतात, फक्त तुम्हाला दिसत नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. स्वस्त ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) एलईडीचंही तेच. डोळ्याला स्थिर वाटतं, पण चालता पांढरा तुटक ठिपक्यांसारखा दिसतो आणि त्याच्यावरची फिरकी वाचता येत नाही.

तपासायला यंत्र लागत नाही. क्यू शेडखाली आडवा धरून टिपचं टोक भराभर हलवा. सलग पट्टा दिसला तर ठीक. हातपंख्यासारख्या वेगवेगळ्या क्यू दिसल्या तर दिवा लुकलुकतोय. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शेडचं चित्रण केलं तरी कळतं. इलाज एकच: चांगला ड्रायव्हर. ट्यूब असेल तर इलेक्ट्रॉनिक चोक.

व्होल्टेज कमी-जास्त होतं. त्याने फार फरक पडतो?

जुन्या बल्बांवर खूप. व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर बल्बचा उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो आणि पिवळटही होतो. संध्याकाळी सातनंतर 'नजर जाते' अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा व्होल्टेज मोजून बघावं. बऱ्या ड्रायव्हरची एलईडी हे चढउतार पोटात घालते.

ब्राऊन आणि रेडमध्ये गोंधळ होतो. दिव्याचा दोष की डोळ्याचा?

आधी दिव्याचा समजा. रंग किती खरे दिसतात याचा एक निर्देशांक दिव्याच्या खोक्यावर सीआरआय म्हणून छापलेला असतो. जुन्या बल्बचा जवळजवळ १००, साध्या एलईडीचा ८०च्या आसपास. कमी पडतो तो मुख्यतः लाल रंगात, आणि स्नूकरमध्ये पंधरा बॉल लाल! मग रेड मातकट दिसतो आणि ब्राऊनच्या जवळ सरकतो. किमान ९० सीआरआयचे दिवे घ्या. छटा ४००० ते ५००० केल्विनची बरी. त्याहून पिवळ्या दिव्यात जुना झालेला पांढरा बॉल आणि यलो यांतला फरक पुसट होतो. दिवे बदलूनही गोंधळ राहिला तर डोळे तपासून घ्या.

रंगांधळेपणा असेल तर खेळता येतं?

येतं. मार्क विल्यम्स आणि पीटर एब्डन हे दोघे जगज्जेते, आणि दोघांनाही रंग ओळखताना अडचण येते. खेळाडू रंगांधळा असेल तर विचारल्यावर रेफरीने बॉलचा रंग सांगायचा, अशी नियमातच सोय आहे. क्लबात मित्राशी खेळतानाही बेधडक विचारा. ब्राऊन मारून चार गुण देण्यापेक्षा बरं.

वयाने नजर कमी झालीय. दिवा वाढवून उपयोग होईल?

होईल. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे नातवाला झगझगीत वाटणारा दिवा आजोबांना बेताचाच असतो. ज्येष्ठ सभासद दिव्यांवरून कुरकुरतात तेव्हा कमिटीने ती सवयीची तक्रार समजू नये.

पण चष्म्याचं जास्त बघा. वाकल्यावर आपण काचेच्या अगदी वरच्या कडेतून बघतो, तिथे चौकटच आडवी येते. प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर मान वर करताना नंबर बदलत जातो. स्नूकरपटू डेनिस टेलरचा तो उलटा लावल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा यासाठीच होता: खाली वाकूनही काचेच्या मधल्या भागातून दिसावं. १९८५ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याने तोच घालून शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या ब्लॅकवर जिंकली. चष्मा करताना काचेवर अँटी-ग्लेअर कोटिंग मागा, नाहीतर मागच्या टेबलाचे दिवे काचेच्या आतल्या बाजूला चमकतात.

बॉलवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, त्यावर नेम धरावा का?

काही जण धरतात आणि त्यांना जमतंही, त्यांच्या टेबलावर. तो चमकता ठिपका तुमच्या डोक्याच्या जागेप्रमाणे आणि दिव्याच्या जागेप्रमाणे सरकतो. दुसऱ्या हॉलमध्ये सहा ठिपक्यांच्या जागी एक लांब पट्टी असते, मग काय करणार? नवशिक्यांना आम्ही ही सवय लावू देत नाही. प्रतिबिंब फार त्रास देत असेल तर शेडला डिफ्यूझर नाही असं समजा.

हॉलला मोठ्या खिडक्या आहेत. दिवसा दिवे न लावता खेळलं तर?

जुन्या जिमखान्यांच्या इमारतींत हा मोह होतोच. पण खिडकीचा उजेड एका बाजूने येतो, ढगागणिक बदलतो, आणि पश्चिमेची खिडकी असेल तर चारनंतर थेट रेडच्या ढिगावर ऊन. जाड पडदे लावा आणि दिवसाही शेड चालू ठेवा. उन्हाने कापडाचा रंग विटतो तो वेगळाच.

वीज नव्हती तेव्हा कसं खेळत असतील?

तेलाच्या आणि गॅसच्या दिव्यांवर. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश लष्करी अधिकारी नेव्हिल चेंबरलेनने हा खेळ जमवला तेव्हा तिथे वीज कुठली. उटीच्या क्लबात नियम लिहून लागले १८८२ मध्ये. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळलं. तेव्हाचे पॉटिंगचे किस्से ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

स्पर्धेत दिवा खराब असेल तर तक्रार करता येते का?

करता येते, पण पहिल्या फ्रेमच्या आधी. एखादा बल्ब गेलाय, शेड तिरकी झालीय, एखादी पट्टी थरथरतेय, हे सराव करताना दिसलं की लगेच रेफरीला दाखवा. दोन फ्रेम हरल्यावर दाखवलंत तर कोणी मनावर घेत नाही, आणि समोरच्यालाही तोच दिवा आहे असं उत्तर मिळतं. सरावाची पाच मिनिटं मिळाली तर ब्रेक मारत बसू नका: चारही कोपऱ्यांत एकेक रेड ठेवा, प्रत्येकावर वाका, कुठल्या कोपऱ्यात कड पुसट दिसते ते बघून ठेवा. सामन्यात त्या पॉकेटला लांबचा पॉट घ्यायची वेळ आली तर सेफ्टी (समोरच्याला सोपा बॉल न ठेवणारा बचावाचा शॉट) खेळायची की नाही, हे तिथेच ठरतं.

पैसे कमी आहेत. आजच्या आज काय करता येईल?

शेड पुसा. आतून. वर्षभराची धूळ आणि खडूची भुकटी बराच उजेड खाते, आणि पुसायला ओलं फडकं आणि एक शिडी पुरते. पुसण्याआधी मेन स्विच बंद करा आणि टेबलावर कव्हर घाला. मग मोबाइलवरच्या लक्स मीटरने नऊ ठिकाणी मोजा: चार कोपरे, दोन मधली पॉकेटं, टेबलाचा मध्य, ब्लॅकचा स्पॉट आणि ब्राऊनचा स्पॉट. मोबाइलचे आकडे अचूक नसतात, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला चालतात. ब्लॅकपाशी मध्याच्या निम्माच उजेड येत असेल तर शेड टोकांना कमी पडतेय किंवा सरकून मध्यावरून ढळलीय. तिची साखळी आणि हूक तपासायला इलेक्ट्रिशियनला बोलवा, मार्करला शिडीवर चढवू नका.